जमिनीवरच ठरते उड्डाण : डॉ. वि. मा. घाटगे

दिवाळी सरली की बालाघाटाच्या पठारावर सकाळी वारा पडलेला असतो. अशा वेळी मोकळ्या माळावर रिमोटवर चालणारे छोटे विमान घेऊन आलेली एक-दोन मुले हल्ली दिसतात. विमान घरीच बनवलेले असते. फोमचे पंख, शेपटीत सायकलच्या तारेचे तुकडे, नाकाशी एक मोटर आणि पंखा. महिनाभर रात्री जागून केलेले काम. मोटर घुमते, विमान हातातून सुटते, दोन सेकंद वर चढते, मग नाक आभाळाकडे करून जागीच थांबल्यासारखे होते आणि एका पंखावर कलून जमिनीत घुसते. महिन्याचे काम पाच सेकंदांत संपते.

मुलांना वाटते की रिमोट नीट चालवता आला नाही. बहुतेक वेळा चूक त्याआधीच झालेली असते. बॅटरी दोन बोटे मागे बसवलेली असते, त्यामुळे विमान शेपटीकडे जड होते. किंवा रिमोटची दांडी उजवीकडे दाबली की पंखाची झडप उलट्या बाजूला हलत असते आणि ते कोणी पाहिलेले नसते. विमान हातात असतानाच या दोन्ही गोष्टी कळू शकतात. हवेत गेल्यावर त्या कळून उपयोग नसतो.

खेळण्यातले विमान पडले तर फोम तुटतो. पण खरे, नव्या रचनेचे, याआधी कधीच न उडालेले विमान असेल आणि त्यात माणूस बसणार असेल, तर? ते विमान उडेल असे कोणी आणि कशाच्या भरवशावर सांगायचे? स्वतंत्र भारतात या प्रश्नाचे उत्तर पहिल्यांदा एका मराठी माणसाला द्यावे लागले. त्यांचे नाव डॉ. विष्णू माधव घाटगे. भारतात आखलेल्या आणि भारतात बांधलेल्या एचटी-२ या विमानाच्या रचनेचे ते प्रमुख होते. कोल्हापूरकडच्या खेड्यातून आलेल्या या संशोधकाचे नाव विमानविद्येच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. बाकीच्या महाराष्ट्राला ते तेवढे ठाऊक नाही.

हसूरचंपू ते जर्मनी

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूर भागातील हसूरचंपू या लहानशा गावी झाला. हे साल विमानाच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. राइट बंधूंनी १९०३ मध्ये पहिले उड्डाण केले होते, पण जगाचा त्यावर पुरता विश्वास बसला तो १९०८ मध्येच. त्या वर्षी विल्बर राइट यांनी फ्रान्समध्ये हजारो लोकांसमोर विमान उडवून दाखवले. म्हणजे घाटगे आणि विमान हे जवळपास बरोबरच वाढले.

मुंबई विद्यापीठात विज्ञानाचे शिक्षण घेतल्यावर ते जर्मनीतील ग्योटिंगेन येथे गेले. तिथे लुडविग प्रांटल शिकवत होते. आधुनिक वायुगतिशास्त्राचा, म्हणजे वाहत्या हवेच्या शास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्यांत प्रांटल यांचे नाव पहिल्या ओळीत येते. त्यांच्या हाताखाली घाटगे यांनी संशोधन केले आणि १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. हिटलरच्या राजवटीचे ते दिवस होते. युरोपात विमाने झपाट्याने बदलत होती. लाकूड आणि कापड जाऊन धातू येत होता, दोन मजली पंख जाऊन एकच पंख राहत होता.

प्रांटल यांचे मोठे काम काय होते हे समजून घेतले, तर घाटगे यांनी पुढे काय केले तेही समजते. गोदावरीच्या काठावर उभे राहून पाहा. मधोमध पाणी वेगाने वाहते, पण काठाला चिकटून ते मंद असते. एखादी काडी काठाजवळ टाकली तर ती रेंगाळते. हवेचेही तसेच आहे. पंखाच्या पृष्ठभागाला लागून हवेचा एक पातळ थर असतो आणि त्यात हवेचा वेग कमी होत होत पृष्ठभागाशी शून्य होतो. हा थर फार पातळ असतो, पण विमानाचे नशीब बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते. प्रांटल यांनी १९०४ मध्ये ही कल्पना मांडली.

पंख हवेला थोडा तिरका धरला की तो हवा खाली ढकलतो आणि स्वतः वर उचलला जातो. तिरकेपणा वाढवला की उचलही वाढते. पण ही वाढ एका मर्यादेपर्यंतच होते. त्यापुढे हा मंद थर पंखाच्या पाठीला चिकटून राहू शकत नाही. तो सुटतो, मागे भोवरे पडतात आणि उचल एकाएकी कोसळते. इंजिन चालू असते, पंख जागेवर असतात, तरी विमान पडू लागते. यालाच वैमानिक स्टॉल म्हणतात. बालाघाटावर नाक वर करून थांबलेले आणि मग कोसळलेले ते फोमचे विमान स्टॉलच झाले होते.

नवशिक्या वैमानिकाचा सर्वांत मोठा शत्रू हाच. घाबरलेला माणूस दांडी आपल्याकडे ओढतो. नाक वर जाते, वेग कमी होतो आणि स्टॉल होतो. त्यामुळे शिकाऊ वैमानिकांसाठी विमान बनवायचे असेल तर ते स्टॉलकडे कसे जाते, आधी कोणता इशारा देते आणि त्यातून कसे बाहेर येते, हे रचनाकाराला नीट माहीत असावे लागते. घाटगे यांनी या विषयाचे शिक्षण त्याच्या उगमापाशी घेतले होते.

कारखाना आला, पण रचना कुठे होती?

शिक्षण संपले तेव्हा भारतात विमान बनवणारा एकही कारखाना नव्हता. १९४० च्या डिसेंबरात तो उभा राहिला आणि त्यामागेही एक मराठी मुलखातला माणूस होता. सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. पुढे हीच कंपनी एचएएल या नावाने देशाला परिचित झाली. महायुद्ध सुरू होते. इंग्रज सरकारला विमाने हवी होती आणि १९४२ मध्ये कारखान्याचा कारभार सरकारने आपल्याकडे घेतला.

डॉ. घाटगे १९४० मध्येच या कारखान्यात आले. सुरुवातीचे काम होते अमेरिकी विमानांचे सुटे भाग जोडून विमाने उभी करण्याचे. १९४१ मध्ये हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान तिथे असे जोडून उडवले गेले. पुढे युद्ध जोरात आल्यावर अमेरिकी हवाई दलाची विमाने दुरुस्त करणे हेच कारखान्याचे मुख्य काम झाले.

जोडणी, दुरुस्ती आणि रचना यांतला फरक आपल्याकडच्या कुठल्याही कारागिराला समजेल. गाडीचे इंजिन खोलून पुन्हा बसवणारे चांगले मेस्त्री तालुक्याच्या प्रत्येक गावी सापडतात. तेच इंजिन कोऱ्या कागदावर आखायला सांगितले तर गोष्ट वेगळी होते. कारण जोडणाऱ्याला प्रत्येक भाग किती जाड हवा, हे दुसऱ्या कोणीतरी ठरवून दिलेले असते. रचनाकाराला ते स्वतः ठरवावे लागते आणि त्या जाडीची जबाबदारीही घ्यावी लागते. युद्धकाळातच घाटगे यांनी जी-१ या ग्लायडरची, म्हणजे इंजिन नसलेल्या तरंगत्या विमानाची रचना केली. दहा माणसे नेऊ शकेल एवढे ते मोठे होते. त्याचे मोठ्या संख्येने उत्पादन झाले नाही, पण कोऱ्या कागदावरून हवेत जाण्याचा रस्ता कारखान्याने एकदा चालून पाहिला.

आधी माणसे तयार केली

१९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला. तो उभा करण्यात आणि तिथे शिकवण्यात डॉ. घाटगे यांचा मोठा वाटा होता. कारखाना आणि वर्ग जवळजवळ असण्याचा फायदा उघड होता. फळ्यावर मांडलेले गणित दुसऱ्या दिवशी पत्र्यावर दिसू शकत होते. देशाला पुढची तीस-चाळीस वर्षे पुरतील असे विमान अभियंते घडवण्याची सुरुवात या विभागातून झाली.

विमानविद्येच्या अशा विभागाचे मुख्य हत्यार म्हणजे वायुबोगदा. हा एक मोठा बोळ असतो, त्यात पंख्याने जोरात हवा सोडतात. मधोमध विमानाचा लहान नमुना तराजूसारख्या काट्यावर बसवतात. खऱ्या जगात विमान हवेतून जाते, इथे विमान स्थिर राहते आणि हवा त्याच्यावरून जाते. हवेला त्याने फरक पडत नाही. काटा सांगतो की नमुना किती उचलला गेला, किती मागे रेटला गेला आणि नाक वर करू पाहतो आहे की खाली. नमुन्यावर लोकरीचे बारीक धागे चिकटवले की हवा कुठे नीट वाहते आणि कुठे सुटते हे डोळ्यांना दिसते. जिथे धागे सपाट पडलेले असतात तिथे प्रवाह चांगला असतो. जिथे ते फडफडू लागतात तिथे थर सुटलेला असतो.

पण नमुना आणि खरे विमान यांत एक फसवा फरक आहे. मुंगीला पाण्याचा एक थेंब चिकट वाटतो, ती त्यात अडकू शकते. म्हैस त्याच पाण्यातून सहज चालत जाते. पाणी तेच, पण अंग लहान असले आणि वेग कमी असला की त्याचा चिकटपणा जास्त जाणवतो. हवेतही असेच होते. लहान नमुन्यावर मिळालेले आकडे जसेच्या तसे मोठ्या विमानाला लावले तर हिशेब चुकतो, त्यात दुरुस्ती करावी लागते. लहान रिमोट विमानाचे पंख खऱ्या विमानाची हुबेहूब नक्कल करून बनवले तर ते अनेकदा नीट उडत नाही, त्याचेही एक कारण हेच आहे. प्रांटल यांच्या शाळेत तयार झालेल्या माणसाला ही दुरुस्ती कशी करायची ते ठाऊक होते.

एचटी-२

१९४८ च्या सप्टेंबरात मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. त्याच वर्षी बंगळूरच्या कारखान्याला स्वतःचे प्रशिक्षण विमान आखण्याची परवानगी मिळाली. रचनेची धुरा डॉ. घाटगे यांच्याकडे आली. विमानाचे नाव ठरले एचटी-२. एच म्हणजे हिंदुस्थान आणि टी म्हणजे ट्रेनर.

तोवर आपल्याकडे शिकाऊ वैमानिक टायगर मॉथ या इंग्रजी विमानावर शिकत. ते दोन मजली पंखांचे आणि कापडाने मढवलेले होते. नवे विमान पूर्ण धातूचे, खालच्या बाजूला एकच पंख असलेले, दोन जण एकामागे एक बसतील असे होते. पंखांचा विस्तार साडेदहा मीटरहून थोडा जास्त. रिकामे वजन सुमारे ७०० किलो आणि माणसे, इंधन धरून भरलेले वजन सुमारे १,००० किलो. इंजिन दीडशे अश्वशक्तीच्या आसपासचे. आजच्या मध्यम मोटारगाडीपेक्षा ते हलकेच होते.

नवे विमान पहिल्या उड्डाणाला उभे राहण्याआधी काय काय व्हावे लागते, ते आता पाहू. यातल्या बहुतेक गोष्टी फोमच्या विमानालाही लागू आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे तोल. विमान तराजूवर चढवतात. प्रत्येक चाकाखाली काटा ठेवतात आणि त्यावरून विमानाचा गुरुत्वमध्य नेमका कुठे आहे हे काढतात. तो पंखाच्या रुंदीत एका ठराविक पट्ट्यातच पडावा लागतो. पट्ट्याच्या पुढे गेला तर विमानाचे नाक जड होते, ते उठायला कुरकुर करते. मागे गेला तर धोका मोठा असतो. वाऱ्याच्या झुळकीने नाक थोडे वर गेले की ते आपोआप खाली येत नाही, आणखी वर जाते. पुढे जड असलेले विमान उडवणे कष्टाचे असते, पण मागे जड असलेले विमान वैमानिकाच्या हातातच राहत नाही. बरे, हा मध्य एका जागी थांबतही नाही. मागच्या आसनावर शिक्षक आहे की नाही, टाकीत इंधन किती उरले आहे, यावर तो सरकतो. सगळ्या शक्यता धरून तो पट्ट्याच्या आत राहील अशीच विमानाची मांडणी करावी लागते. इंजिन किती पुढे, आसने कुठे, टाकी कुठे, हे सगळे या एका हिशेबाने बांधलेले असते.

दुसरी गोष्ट म्हणजे ताकद. विमान सरळ उडताना पंखांना विमानाचे वजन पेलावे लागते. झटकन वळताना किंवा सूर मारून वर येताना तेच वजन कित्येक पट झाल्यासारखे होते. शिकाऊ माणूस तर विमान कसेही वळवणार. म्हणून नव्या रचनेचा एक सांगाडा जमिनीवरच वजने लादून वाकवून पाहतात. किती वजनाला तो किती वाकतो, कुठे सुरकुती पडते, कुठे रिव्हेट सुटते, हे मोजतात. कागदावरचे गणित आणि पत्र्याची वागणूक जुळली तरच पुढे जायचे.

तिसरी गोष्ट फार साधी आहे आणि साधी असल्यामुळेच घातक आहे. वैमानिकाने दांडी उजवीकडे नेली की उजव्या पंखाच्या टोकाची झडप वर आणि डाव्या पंखाची खाली गेली पाहिजे. दांडी मागे ओढली की शेपटीची आडवी झडप वर गेली पाहिजे. तारा उलट्या जोडल्या गेल्या तर विमान उजवीकडे मागाल तेव्हा डावीकडे कलेल. हवेत, जमिनीपासून काही मीटरवर, हे समजून घ्यायला वेळ नसतो.

हे कोणाच्या हातून होईल असे वाटत नाही, पण झाले आहे. २३ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे भारताच्या स्वातंत्र्याला जेमतेम आठवडा झाला असताना, इंग्लंडमध्ये एव्रो कंपनीचे ट्यूडर हे विमान चाचणीसाठी निघाले आणि उड्डाणानंतर लगेच कोसळले. देखभालीच्या वेळी पंखांच्या झडपांच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. चार जण गेले. त्यांत रॉय चॅडविक होते. महायुद्धातले प्रसिद्ध लँकेस्टर बॉम्बर विमान ज्यांनी आखले तेच हे रचनाकार. आयुष्यभर विमाने आखलेला माणूस दोन तारांच्या अदलाबदलीने गेला. पुढच्याच वर्षी बंगळुरात एचटी-२ चे काम सुरू झाले. जगातल्या प्रत्येक रचना विभागासाठी तो अपघात ताजा होता.

चौथी गोष्ट म्हणजे धीर. सगळे तपासून झाल्यावरही विमान लगेच उडवत नाहीत. आधी ते धावपट्टीवर हळू चालवतात. ब्रेक लागतात का, वळते का, इंजिन तापते का हे पाहतात. मग वेगाने पळवतात. एचटी-२ सारख्या, शेपटीला चाक असलेल्या विमानात वेग आला की शेपूट उचलली जाते. त्या क्षणी वैमानिकाला कळते की शेपटीच्या झडपा हवेला धरत आहेत. मग परत थांबायचे, सगळे बोल्ट पुन्हा पाहायचे. असे अनेकदा झाल्यावर मग पहिले उड्डाण.

ऑगस्ट १९५१

एचटी-२ चा पहिला नमुना ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळूर येथे हवेत झेपावला. चाचणी वैमानिक होते कॅप्टन जमशेद मुन्शी. परवानगीपासून उड्डाणापर्यंत तीन वर्षेही लागली नव्हती. स्वतंत्र देश चार वर्षांचा होत होता. तेव्हा आपला बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता आणि बहुतेक गावांत वीजही पोचलेली नव्हती. अशा देशाने आपल्या पोरांना वैमानिकी शिकवण्यासाठी स्वतः आखलेले विमान उडवले होते.

पहिल्या उड्डाणाचे छायाचित्र काढले तर त्यात वैमानिक दिसतो. ते योग्यच आहे, जीव त्याचा पणाला लागलेला असतो. पण रचनाकाराचीही त्या क्षणी परीक्षा असते आणि ती विचित्र असते. त्याच्या हातात आता काहीच उरलेले नसते. गुरुत्वमध्य, पत्र्याची जाडी, झडपेचा आकार हे सगळे निर्णय त्याने महिन्यांपूर्वी, वर्षांपूर्वी घेतलेले असतात. चुकले असेल तर ते आता दुरुस्त करता येत नाही आणि त्याची किंमत दुसरा माणूस मोजतो. म्हणूनच जमिनीवरचे काम कंटाळवाणे वाटले तरी ते सोडता येत नाही.

दुसरा नमुना १९५२ च्या सुरुवातीला वेगळ्या, थोड्या अधिक ताकदीच्या इंजिनासह उडाला आणि तेच इंजिन पुढच्या विमानांना बसवले गेले. १९५३ पासून एचटी-२ हवाई दलाच्या प्रशिक्षणात आले. सुमारे १७० विमाने बांधली गेली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या घाना या आफ्रिकी देशाच्या हवाई दलालाही डझनभर विमाने दिली गेली. तीन दशकांहून अधिक काळ हे विमान भारतात शिकवण्याचे काम करत राहिले. भारतीय हवाई दलाच्या कित्येक पिढ्यांनी आपले पहिले धडे याच विमानात गिरवले.

एकामागून एक

पहिल्या विमानाच्या यशावर घाटगे थांबले नाहीत. १९५८ मध्ये पुष्पक उडाले. हे छोटे, वरच्या बाजूला पंख असलेले, कापडाने मढवलेले विमान फ्लाइंग क्लबांसाठी होते. सामान्य घरातल्या ज्या तरुणांना विमान शिकायचे होते त्यांच्यासाठी ते परवडणारे होते. त्याच्याच पाठोपाठ १९५९ मध्ये कृषक आले. नाव शेतकऱ्याचे असले तरी ते सैन्याच्या टेहळणीसाठी वापरले गेले. मग किरण. हे जेट इंजिनाचे प्रशिक्षण विमान ४ सप्टेंबर १९६४ रोजी पहिल्यांदा उडाले. यात गुरू आणि शिष्य शेजारी शेजारी बसतात. पुढे हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाने याच विमानांवर आकाशात कसरती करून दाखवल्या, त्या अनेक वाचकांनी दूरदर्शनवर पाहिल्या असतील.

त्याच काळात, त्याच कारखान्यात मारुत या लढाऊ जेट विमानाचे काम चालू होते. त्याच्या रचनेसाठी कुर्ट टांक हे जर्मन रचनाकार १९५६ मध्ये भारतात आले होते. मारुतच्या तयारीतली एक गोष्ट फोमचे विमान उडवणाऱ्या प्रत्येक मुलाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. जेट इंजिन बसवलेले खरे विमान उडवण्याआधी त्याच आकाराचा, त्याच मापाचा एक लाकडी ग्लायडर बनवला गेला. १९५९ मध्ये डकोटा विमानाच्या मागे दोराने बांधून त्याला उंच नेले, दोर सोडला आणि तरंगत खाली आणले. असे एकदा नव्हे, पुष्कळदा केले. पंखांचा आकार कमी वेगात कसा वागतो, उतरताना नाक कसे राहते, हे इंजिनाचा धोका न पत्करता समजले. १७ जून १९६१ रोजी खरे मारुत उडाले.

या चाचण्यांशी सुरंजन दास या वैमानिकाचे नाव जोडलेले आहे. १० जानेवारी १९७० रोजी मारुतच्याच एका सुधारित नमुन्याची चाचणी घेताना बंगळुरात त्यांचा मृत्यू झाला. त्या शहरातल्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. कितीही तयारी केली तरी पहिल्या चाचण्यांतला धोका शून्य होत नाही. तयारीने तो कमी होतो, आणि तो किती कमी करता येईल हे जमिनीवरची माणसे ठरवतात.

डॉ. घाटगे यांना १९६५ मध्ये पद्मश्री मिळाली. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पहिल्या विमानाची सेवा तोवर जेमतेम संपली होती. विमानक्षेत्रातल्या कामासाठी त्यांच्या नावाने आजही पुरस्कार दिला जातो. त्यांच्या वाट्याला वैमानिकासारखी लोकप्रियता आली नाही. त्यांच्या विमानातून शिकून सुखरूप परतलेल्या मुलांना बहुधा त्यांचे नावही माहीत नसेल.

पुन्हा माळावर

आता पुन्हा आपल्या माळाकडे येऊ. घरात कोणी रिमोटचे विमान बनवत असेल तर पहिल्या उड्डाणाआधी अर्धा तास या गोष्टींना द्यावा.

बॅटरी जागेवर बसवून विमान दोन्ही पंखांखाली एकेका बोटावर तोलून पाहा. साध्या सरळ पंखाच्या विमानात पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर तोल साधला पाहिजे. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा. विमानाच्या मागे उभे राहा आणि दांडी उजवीकडे न्या. उजव्या पंखाची झडप वर गेलीच पाहिजे. दांडी आपल्याकडे ओढा, शेपटीची आडवी झडप वर गेलीच पाहिजे. हे घरी एकदा आणि माळावर पुन्हा एकदा पाहा. मित्राला विमान धरायला सांगून रिमोट घेऊन दूर चालत जा आणि झडपा तरीही नीट हलतात ना ते विचारा. मग मोटर बंद ठेवून, गवत असलेल्या जागी, वाऱ्याकडे तोंड करून विमान नुसते हाताने सरळ सोडा. ते नाक वर न करता, डुबकी न घेता तरंगत उतरले तर समजा की तुमच्या विमानाने अर्धी परीक्षा दिली. मारुतच्या लाकडी ग्लायडरने हेच केले होते.

दोन गोष्टी अंगाच्या काळजीच्या. घरात तपासणी करताना पंखा, म्हणजे प्रोपेलर, काढून ठेवा. मोटर चुकून सुरू झाली तर छोटा पंखाही बोट खोलवर कापतो. पंखा बसवल्यावर त्याच्या समोर किंवा बाजूला कोणी उभे राहू नये, सगळ्यांनी मागे थांबावे. आणि फुगलेली किंवा दबलेली लिथियम बॅटरी वापरू नका, तिला आग लागू शकते. चार्जिंगला लावून झोपी जाऊ नका. विजेच्या तारा, रस्ता, वस्ती आणि गर्दी यांपासून दूर उडवा आणि विमान नजरेच्या टप्प्यातच ठेवा.

एवढे करूनही विमान पडू शकते. तेव्हा तुकडे गोळा करून घरी आणा आणि तोल कुठे होता, कोणती झडप सैल होती, हे वहीत लिहून ठेवा. दुसरे विमान त्या वहीवरून बनवा. हसूरचंपूसारख्या छोट्या गावातून निघालेल्या एका मुलाने देशाचे विमान अशाच मोजमापांच्या बळावर उडवले होते. बालाघाटाच्या माळावरच्या मुलाला तराजू, पट्टी आणि वही तर नक्कीच मिळू शकते.